रेघेला कोपरा नसतो

कर्दळीचं नवं पान उलगडायच्या आधी सुरळी असतं. घट्ट, टोकदार, आतल्या गोष्टीबद्दल अवाक्षर न काढणारं. त्या सकाळी गच्चीवर थोरलीला ‘एकटी’ नावाच्या कर्दळीच्या शेंड्यावरची सुरळी सैल झालेली दिसली, आणि पान उन्हाकडे धरून बघावं म्हणून तिने ते बोटांनी अलगद उघडलं. शिरांच्या मधोमध पिवळट रेघ होती. सलग नव्हती, तुटक होती. लिहिता लिहिता कोणी पेन झटकावं तशी. तिने पान उलटून पाहिलं. रेघ पलीकडेही होती.

जिन्यावर अजून कोणाची चाहूल नव्हती. धाकटी जाऊ मुलांचे डबे भरून वर यायची ती ऊन कठड्यावरून खाली उतरल्यावर. थोरलीने खिळ्यावरची कात्री काढली, पान देठापाशी छाटलं, घडी घालून एप्रनच्या खिशात टाकलं. कात्री एप्रनलाच पुसली आणि रोजच्यासारखी सुकलेली फुलं कातरत शेजारच्या ड्रमकडे गेली, तिथून त्याच्या पुढच्या. हातांना सवय होती. हात पुढे गेले. ती मात्र त्या पानापाशीच राहिली.

ही गच्ची म्हणजे त्या घराचं शेत, दुकान आणि धुसफुशीची जागा, तिन्ही एकदम. मधोमध कापलेले निळे ड्रम, रंगाचे रिकामे डबे, कोण्या दवाखान्याने टाकून दिलेला पांढरा बाथटब, आणि या सगळ्यांतून उसळलेली कर्दळ. कार्यालयांच्या पायऱ्यांवर, दवाखान्यांच्या दारांशी, एका मोठ्या हॉटेलच्या प्रवेशद्वारापाशी ही झाडं भाड्याने जात. कर्दळीला सावली मानवत नाही. दारातल्या अर्धवट उजेडात आठवडाभर उभी राहिली की ती मान वाकडी करून ऊन शोधू लागते. म्हणून प्रत्येक डब्याला एक जोड होती. एक दारात शोभत असताना दुसरी गच्चीवर ऊन खात असे, आणि आठवड्याने टेम्पोतून दोघींची अदलाबदल होई. टेम्पो दीर, म्हणजे धाकटीचा नवरा, चालवी. एक नोकरीवर, एक रजेवर, असं तो म्हणे, आणि मला रजा कधी, हे विचारायला विसरत नसे.

थोरलीचा नवरा घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचायचा. दिवसभर इतकं वाचून घरी आल्यावर भावजी काहीच वाचत नाहीत, ताईंचा चेहरा तर नाहीच, असं धाकटी हसत हसत सगळ्यांदेखत म्हणायची. थोरलीला तो विनोद लागायचा, पण खोडून काढायला तिच्याकडे काही नसे.

मातीचं सगळं थोरलीच्या ताब्यात. कर्दळ खादाड, जमिनीत ती पसरत जाऊन पोट भरते, ड्रममध्ये मात्र तिला वाढलं तेवढंच मिळतं. खत थोडं कमी पडलं की फूल रुसतं, पाणी साचलं की गड्डा कुजतो. आणि गड्डे वेळेवर काढून, डोळे बघून वेगळे केले नाहीत तर ते एकमेकांच्या उरावर बसतात, ड्रमच्या भिंतीला रेटा देतात आणि एखाद्या दुपारी प्लास्टिक टरकावून बाहेर येतात. थोरलीला हे सगळं पानाच्या रंगावरून कळे. गड्डे तोडायचा सुरा ती प्रत्येक झाडानंतर आचेवर धरी. हे तिला सासूने शिकवलं होतं, आणि सासूने शिकवलेल्या गोष्टींपैकी फक्त हीच तिने कधी मनात शिव्या न देता पाळली होती. फुलं कातरायच्या कात्रीचं मात्र कोणी काही शिकवलं नव्हतं. ती खिळ्यावर लटकलेली असे. मेलेल्या फुलाला कसला आलाय रोग?

रोग एकच होता, आणि त्या घरात त्याला सगळे रेघ म्हणत. पानावर आधी पिवळी तुटक रेघ, मग तपकिरी चट्टा, मग फूल आखूड, खोड खुरटं. औषध नाही. मावा ही कीड आणते म्हणतात, गड्ड्यातून येतो म्हणतात, रसातून लागतो म्हणतात. रेघ दिसली की झाड मातीसकट काढायचं, जाळायचं, ड्रम ब्लीचने धुवायचा. यात दयामाया नाही, हे थोरली अभिमानाने सांगे.

धाकटी लग्न होऊन आली तेव्हा कपड्यांच्या बॅगेबरोबर ओल्या गोणपाटात गुंडाळलेले गड्डे घेऊन आली होती. माहेरच्या दारातली कर्दळ, पिवळ्यावर लाल ठिपक्यांची. थोरलीने तिला दोन ड्रम दिले, तेही तोंड वाकडं न करता; आपण उदार आहोत याचं त्या काळात तिला स्वतःलाच कौतुक वाटे. पुढच्या उन्हाळ्यात त्या पानांवर रेघ आली. थोरलीने टेम्पो भरणाऱ्या दिराला हाक मारली, नवऱ्याला वर बोलावून घेतलं, आणि सगळ्यांसमोर दोन्ही ड्रम आडवे केले. हे धाकटीला बाजूला घेऊनही सांगता आलं असतं. पण काही गोष्टी चारचौघांत केल्या की अधिक बरोबर वाटतात.

धाकटी तेव्हा नवी होती. तिने हळू आवाजात विचारलं होतं, "एकच गड्डा ठेवू द्या, ताई. पार तिकडे, जिन्याच्या खोलीमागच्या कोपऱ्यात. कशालाच लागणार नाही."

"रेघेला कोपरा नसतो," थोरली म्हणाली होती.

ते वाक्य तिला इतकं आवडलं की पुढे ती ते गिऱ्हाइकांनाही ऐकवू लागली. धाकटी रडली नाही. तिने झाडू घेऊन सांडलेली माती भरली आणि खाली गेली. त्या दिवसापासून तिच्या तोंडचं 'ताई' पाकिटावरच्या पत्त्यासारखं झालं. बिनचूक, पण आत काय आहे ते न सांगणारं. काही दिवसांनी तिने टाकीमागची रांग आपल्याकडे मागून घेतली. तिथल्या झाडांचं पाणी, खत, कातरणी सगळं ती करू लागली, तेही स्वतःच्या, लाल मुठीच्या कात्रीने. थोरलीच्या खिळ्यावरची कात्री तिने कधी हातात घेतली नाही. दीर म्हणाला, एका घरात दोन कात्र्या म्हणजे दोन चुलींची सुरुवात. दोघीही हसल्या नाहीत.

आता एकटीबद्दल. गड्डा तोडून लावला की तीच कर्दळ पुन्हा येते, आईची नक्कल असलेल्या मुलीसारखी. बी मात्र कोणाचंच ऐकत नाही. कोणी बी लावायच्या भानगडीत पडत नाही, कारण ती काळी, छऱ्यासारखी टणक असते, आणि उगवली तरी काय उगवेल याचा भरवसा नसतो. थोरलीने एका रिकाम्या दुपारी बोंडातल्या मूठभर बिया कानसीवर घासल्या, आतला पांढरा ठिपका दिसेपर्यंत. मग त्या कोमट पाण्यात थर्मासमध्ये ठेवल्या. नवऱ्याने त्या थर्मासमधलं पाणी चहा समजून कपात ओतलं आणि बिया बघून काही न बोलता पुन्हा आत टाकल्या. त्याच्याकडून झालेली ही मदत ती कधी विसरली नाही. त्या मुठीतून एकच कोंब टिकला. तिसऱ्या वर्षी त्याला फूल आलं तेव्हा थोरली बाथटबच्या काठावर बसून राहिली. विझत आलेल्या निखाऱ्याचा, राखेखालून जाणवणारा तांबूस रंग, आणि अगदी आत, घशापाशी, पिवळ्याचा एक थेंब. असा रंग त्या गच्चीवर नव्हता, तिने पाहिलेल्या कोणत्याच दारात नव्हता.

या झाडाला जोड नव्हती, म्हणून दिराने नाव ठेवलं एकटी. एरवी सासरच्यांनी ठेवलेल्या नावांशी थोरलीचं जमत नसे. हे तिने घेतलं. तिच्या आयुष्यात तिने स्वतः केलेलं असं फार थोडं होतं. घर सासऱ्यांचं, धंदा सासूने उभा केलेला, ड्रम कारखान्यांनी टाकलेले. एकटी तेवढी तिची. तिचे गड्डे तोडायला ती धजत नव्हती. यंदा लहान आहे, यंदा फुलावर आहे, असं म्हणता म्हणता ड्रमच्या पोटाला फुगवटा आला होता.

आणि मग हॉटेलच्या व्यवस्थापक बाई झाडं निवडायला वर आल्या. त्या एकटीसमोर थांबल्या त्या थांबल्याच. पुढच्या हंगामात सगळ्या पायऱ्यांवर हाच रंग हवा, असं म्हणाल्या. आणि ही जात ज्यांनी तयार केली त्यांचं नाव एका छोट्या पाटीवर लिहून तिथेच लावू, असंही. थोरली नुसतीच हसली. तिचं नाव आजवर विजेच्या बिलावरसुद्धा आलं नव्हतं. उन्हाची धग ओसरली की गड्डे काढायचे, डोळे वेगळे करायचे, ओळीने ड्रम भरायचे, असं ठरलं. त्या दिवसापासून ती मनातल्या मनात ती पाटी वाचत असे, पायऱ्या चढणाऱ्या अनोळखी माणसांच्या डोळ्यांनी.

अशा वेळी रेघ आली.

पहिले काही दिवस थोरली स्वतःला कारणं देत राहिली. खत जास्त झालं असेल. ऊन लागलं असेल. पाण्यात क्षार वाढले असतील. गिऱ्हाइकं असली कारणं सांगत तेव्हा ती मनात हसत असे. आता तीच कारणं तिने एकेक करून उराशी धरली. गड्डे काढले की एखादा तरी डोळा स्वच्छ निघेल, तो तेवढा वेगळा लावता येईल, अशी आशाही तिने धरली. रेघ पानात दिसते तेव्हा ती गड्ड्यात कधीचीच बसलेली असते, हे तिला दुसऱ्या कोणाच्याही ड्रमबाबत क्षणात कळलं असतं.

ती आता लवकर वर येऊ लागली. धाकटी यायच्या आधी एकटीची पानं तपासायची, रेघ असलेलं पान छाटायचं, खिशात घालायचं, मग कात्री घेऊन बाकीच्या ड्रमांवरून फिरायचं. दिराने एकदा जिन्यातून डोकं काढून विचारलं, वहिनी, सकाळी सकाळी तिची वेणी घालता की काय? त्याच्या मागून वर येणाऱ्या धाकटीने तिथल्या तिथे जोड दिली, की वेणी घालायला केस तरी राहू द्यायला हवेत. हल्ली एकटी फार विरळ दिसते. थोरलीने वर वर म्हटलं, हवा खेळायला नको का झाडात? आणि पाण्याचा पाइप ओढत निघून गेली.

उन्हाची धग ओसरायच्या आत बाथटबमधल्या कर्दळीवर रेघ दिसली. मग शेजारच्या निळ्या ड्रमांत, मग हॉटेलकडे निघालेल्या डब्यांत, मग हॉटेलकडून परत आलेल्यांतही. गच्चीवर पिवळी तुटक अक्षरं उमटत चालली होती. थोरली ज्या भीतीने गप्प होती, ती भीती आता गप्प बसू देईना. आणि भ्यालेल्या माणसाला दोष ठेवायला जवळचंच कोणीतरी लागतं. तिने दिराला बोलावलं, नवऱ्याला बोलावलं, पूर्वी बोलावलं होतं तसंच. धाकटी आपल्या रांगेत वाकून पाणी घालत होती.

"हिने तेव्हाचा गड्डा राखून ठेवला असणार," थोरली म्हणाली. "माझ्या नजरेआड. त्याशिवाय एवढं पसरत नाही."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपला आवाज अगदी खरा वाटला. त्या क्षणापुरता तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.

धाकटीने झारी खाली ठेवली, हात पुसले. ती चिडली असती तर थोरलीला बरं वाटलं असतं. ती खिळ्यापाशी जाऊन उभी राहिली आणि तिने आपल्या नवऱ्याला विचारलं, ताई सकाळी कात्री घेऊन आधी कुठे जातात? तो बिचारा हसण्यावारी नेत म्हणाला, की एकटीकडे, दुसरं कुठे, पहिला मान तिचाच. मग धाकटी चालू लागली. एकटीपासून बाथटब, बाथटबपासून निळे ड्रम, तिथून कठड्याकडचे डबे. थोरलीची रोजची वाट, पावलावर पाऊल ठेवून. प्रत्येक ठिकाणी ती एक पान उजेडात धरी आणि पुढे जाई. पहिल्या ड्रमांवर रेघा दाट होत्या, पुढे विरळ, आणि थोरली जिथे रोज थकून कात्री मिटायची तिथे नुसती एखादी पुसट खूण. टाकीमागच्या रांगेत, जिथे लाल मुठीची कात्री चाले, काहीच नव्हतं. पानं हिरवीगार, निर्लज्ज वाटावीत इतकी निरोगी.

रोग गच्चीभर थोरलीच्या पायांनी चालला होता.

धाकटी परत एकटीपाशी आली. तिने खालची पानं बाजूला केली. खोडांवर छाटलेल्या देठांची सुकलेली खुंटं होती, एकावर एक, जुनी आणि ताजी.

"ही पानं कुठे गेली, ताई?"

थोरलीचा हात आपोआप एप्रनच्या खिशावर गेला. सकाळचं पान तिथेच होतं. हात तिथे गेला नसता तर कदाचित तिने अजून काही रचलं असतं. पण हातांना खोटं बोलायची सवय नव्हती.

"मी एकही गड्डा राखला नव्हता," धाकटी म्हणाली. "माझ्या ड्रमात आली तेव्हा ती रेघ होती. तुमच्या ड्रमात आली तेव्हा ती एकटी."

थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. तो इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तिच्या चेहऱ्याकडे नीट बघत होता, आकडा जुळत नसलेल्या मीटरकडे बघावं तसा. सगळं काढावं लागेल, एवढंच तो म्हणाला, आणि शर्टाच्या बाह्या दुमडू लागला.

दिवसभर ते ड्रम आडवे करत होते. कर्दळीचे पुष्ट गड्डे, गुलाबी डोळे फुटलेले, गोण्यांत पडत होते. सांगत होती धाकटी, आणि सगळे ऐकत होते, थोरलीही. हे पद तिच्याकडून कोणी काढून घेतलं नव्हतं. ते दुपारी केव्हातरी आपोआप तिकडे सरकलं होतं, ऊन सरकतं तसं. तिने फक्त गोण्यांची तोंडं बांधली. शेवटी दिराने एकटीच्या फुगलेल्या ड्रमला हात घातला तेव्हा धाकटी म्हणाली, तो राहू दे.

"जिन्याच्या खोलीमागे ठेवा," ती म्हणाली. मग थोरलीकडे वळली. "तुम्ही म्हणाला होतात, कोपरा नसतो. असतो, ताई. मागणाऱ्याला कोणी द्यायचा असतो, एवढंच."

थोरलीला म्हणायचं होतं, नको, काढून टाक, जाळ. शब्द घशापाशी आले, त्या पिवळ्या थेंबापाशी, आणि थांबले. झाड काढून टाकलं असतं तर एक दुःख झालं असतं, त्याला सुरुवात आणि शेवट असता, आणि निदान ते आपण करवलं असं म्हणता आलं असतं. ही मेहेरबानी रोज सकाळी नव्याने घ्यावी लागणार होती. दोघा भावांनी ड्रम उचलून कोपऱ्यात नेला. ती मागोमाग गेली आणि तिने तोंडातून चकार शब्द काढला नाही. म्हणजे तिने तो कोपरा घेतला.

नियम कोणी लिहून लावले नाहीत. कोपऱ्यासमोर विटांची एक ओळ आली. थोरलीसाठी वेगळी झारी आली, वेगळा एप्रन आला. नळापाशी साबण आला. खिळ्यावरची कात्री धाकटीने आचेवर धरली, ब्लीचमध्ये बुडवली, आणि तरीही वापरली नाही. टाकीमागच्या रांगेतले गड्डे तोडून गच्ची पुन्हा भरू लागली. हॉटेलच्या बाईंना सगळं सांगितल्यावर त्या हळहळल्या, आणि पायऱ्यांसाठी धाकटीकडच्या साध्या लाल कर्दळी घेऊन गेल्या. पाटीचा विषय कोणी काढला नाही. दिराने विनोद कमी केले. केले की आधी तो थोरली आसपास आहे का ते पाही, आणि ते तिला विनोदापेक्षा जास्त लागे.

कोपऱ्यात ऊन उशिरा येई आणि लवकर जाई. एकटी तिथेही फुलली, आखूड, फाटक्या पाकळ्यांची. कोपऱ्यात कात्री न्यायची नाही असं ठरल्यामुळे तिची सुकलेली फुलं कोणी कातरली नाहीत, आणि म्हणून कित्येक वर्षांत गच्चीवर न दिसलेली गोष्ट दिसली. फुलांच्या जागी खरखरीत हिरवी बोंडं धरली, तपकिरी झाली, तडकली. आत काळ्या बिया होत्या. थोरली त्या कितीतरी वेळ बघत राहिली. बी कोणाचंच ऐकत नाही. कदाचित आईच्या रोगाचंही ऐकणार नाही. यातून पुन्हा तो निखारा येणार नाही, हे तिला माहीत होतं. पण काहीतरी येईल, ज्याला अजून कोणी नाव ठेवलेलं नाही. आणि उन्हाची जागा आता धाकटीकडे होती.

तिने हात धुतले. बिया धुतल्या, कोरड्या केल्या, तळहातावर घेतल्या, आणि विटांच्या ओळीपलीकडे पाऊल टाकून ती टाकीकडे गेली. धाकटी लाल मुठीच्या कात्रीने सुकलेली फुलं उतरवत होती. थोरलीने सांगितलं, की कानसीवर हलकं घासायचं, पांढरा ठिपका दिसला की थांबायचं, मग कोमट पाणी. मी सांगेन, तू कर. एक ड्रम पुरे. एवढं सलग ती कित्येक दिवसांत बोलली नव्हती. बोलताना तिने हात पुढे केला होता, उताणा, तिच्या लक्षात येण्याआधीच.

धाकटीने कात्री थांबवली. तळहाताकडे पाहिलं नाही.

"हात धुतलेत का, ताई?"

धुतले होते. मनगटाच्या वरपर्यंत, साबणाने, नखांतली माती काढून. थोरलीने ते सांगितलं नाही. मूठ मिटून ती नळाकडे गेली, आणि बिया कुठे ठेवायच्या ते न सुचून मुठीसकट हात धारेखाली धरून उभी राहिली.